पदराला गाठ आणि गणिताचा पेपर

रुपालीचं बूड एका जागी टिकत नाही, असं धर्मपाल म्हणतो. नवरा आहे, म्हणू द्या. पण खोटं नाही ते! बोरी अरबकडच्या एका शाळेत ती पोरांची खिचडी शिजवते. दुपारची घंटा झाली की वाढायला उठायचं, हे पायांना आता सांगावं लागत नाही.

ह्याच पायांनी मार्चमध्ये घात केला.

गावच्या आशाताई, म्हणजे घरोघरी आरोग्याचं बघणाऱ्या आशा सेविका, काम सोडणार होत्या. ती जागा रुपालीला हवी होती, अगदी जीव टाकून हवी होती. पण त्या कामाला दहावी पाहिजे, आणि बाईचं लग्न नववीतच उरकलेलं. मग तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा. चुलीपुढं पुस्तक धरून अभ्यास केला, दारव्ह्याला जाऊन पेपर दिले. गणिताच्या पेपरात पहिला तास संपल्याची घंटा वाजली आणि बाई ताडकन उभ्या!

"झालं काय?" वर्गावरच्या सरांनी विचारलं.

मिसरूडही न फुटलेली पोरं वळून बघायला लागली. खाली बसायची लाज वाटली मेलीला. "हो, झालं," म्हणाली आणि अर्धा कोरा पेपर देऊन बाहेर आली.

बाकी सगळ्यात पास, गणितात गेली. धर्मपाल पोट धरून हसला. "अवो, पेपर सोडून कोनी खिचडी वाढाले उठते काय?"

"हसा, हसा तुमी," ती म्हणाली आणि हमसून रडायलाच लागली. मग मात्र त्याचं तोंड एवढंसं झालं.

फेरपरीक्षा पावसाळ्यात आली. निकाल लागला की लगेच ग्रामसभेत जागेचं ठरणार होतं. आता गणितात गेली तर जागा कायमची गेली. पेपरच्या दिवशी ती पहाटेच उठली. चहा केला, प्यायला विसरली. दाराला कुलूप लावलं, परत येऊन ओढून पाहिलं, पुन्हा अर्ध्या वाटेवरून आली. धर्मपाल गाडी चालू करून उभा राहिला.

वर्गात बसल्या बसल्या तिनं पदराचं टोक बाकाच्या पायाला घट्ट बांधलं. सरांना कॉपीचा संशय आला. त्यांनी वाकून गाठ चाचपली.

"हे कायले?"

"घंटा वाजली का माह्ये पाय उठते, सर. म्हणून बांधून ठेवलं."

सर डोकं हलवत पुढं गेले. पहिल्या तासाची घंटा झाली. पाय उठलेच! पदर खसकन ताणला आणि रुपाली धपकन बाकावर आली. कुणीतरी फिसकन हसलं. हसेना का. तिनं पुढचं गणित धरलं.

निकालाच्या दिवशी ती शाळेत खिचडीपाशी होती. फोडणी दोनदा टाकली, मीठ टाकलं की नाही आठवेना. एवढ्यात धर्मपाल मोबाईल नाचवत, धापा टाकत फाटकातून आत आला.

"झाली वो! पास झाली तू!"

तिनं मोबाईल ओढून घेतला, नाव वाचलं, आईचं नाव वाचलं, गणिताचे गुण वाचले, पुन्हा नाव वाचलं. तेवढ्यात घंटा वाजली. पोरं ताटल्या वाजवत आली.

"मावशी, वाढा ना!"

रुपाली पाटावर बसलेलीच.

धर्मपालनं हळूच तिच्या हातून पळी घेतली. "ओळीत या रे. आज मी वाढतो," तो म्हणाला. "तिले बसू द्या."