भात्याची शिट्टी

जुन्नरात आमच्या लोहारकीचा कातडी भाता शिवायला दर साली एक म्हातारा मुसलमान कारागीर यायचा. ओला गाल भात्याजवळ फिरवून सुईएवढं भोक हुडकायचा. "बारीक शिट्टी वाजती तवाच ठिगळ लावायचं, पोरी. मागनं उपेग न्हाई."

मी परकरातली, जीभ हातभर. म्हणाले, "चाचा, शिट्टी तर तुमच्या छातीत वाजतीया! तिथं लावा की ठिगळ!" माझ्या विनोदाला मीच लोळून हसले.

तोही खोकत हसला. "तसलं कातडं गावत न्हाई."

पुढल्या साली तो आलाच नाही. भाता शिट्टी घालू लागला, ती सगळ्यांआधी मीच ऐकली आणि ओल्या गालाने भोक शोधलं. वडील म्हणाले, "पोरीचा कान लई तिखट!"

तिखट कसला! चाचाच्या छातीतली शिट्टीही सगळ्यांआधी मीच ऐकली होती, आणि हसले होते.