मुनियप्पा पळाला नाही

एका सिनेमावाल्याने लान्स नायक मुनियप्पाला फसवलं. मुनियप्पा पासष्टच्या लढाईत गेला, त्यामुळे तो तक्रार करू शकत नाही. सौदा मी केला होता, म्हणून तक्रार मी करतो.

मला दिलेला विषय वेगळा होता. आपल्या मंडळाच्या अंकाचं काम बघणारे देशपांडे कारखान्यात इंजिनियर आहेत. ते माझ्या दुकानात येऊन म्हणाले, "हवालदार, लढाईचे खरेखुरे वाटतील असे सिनेमे कोणते, ते लिहा. आम्ही मंडळी रविवारी बघू."

"किती पानं?"

"दोन."

"चार द्या."

"अहो, इथेही घासाघीस?"

"चार."

तीनवर ठरलं. मी बेंगळूरच्या बळेपेठेत वाढलो. चौथीत शाळा सुटली. जे काही मिळवलं ते फौजेत, आणि सुटल्यावर बोलून बोलून मिळवलं. आज मोटर-वाइंडिंगचं दुकान आहे, चार माणसं कामाला आहेत, घरचं ठीक चाललं आहे. दर रविवारी मी आणि सावित्री सिनेमाला जातो. त्यामुळे देशपांड्यांनी योग्य माणसाला विचारलं.

परदेशी सिनेमांची नावं माझ्या जिभेला वळत नाहीत, म्हणून खूण सांगतो. छावणीतल्या थिएटरात सकाळच्या खेळाला एक काळा-पांढरा सिनेमा लागतो. त्यात आठ सैनिक एका पुलाजवळ खणतात. पाऊण सिनेमा खणण्यातच जातो. फावड्याचा दांडा सुटतो, तो बसवतात, पुन्हा खणतात. सावित्री म्हणाली, "लढाई कधी सुरू होणार?"

"ही काय, चालू आहे."

"ही? मग आमची मागची विहीर खणताना रोज लढाई होती म्हणायची."

तो बघाच. दुसऱ्या सिनेमात एक स्वयंपाकी आहे. त्याला पुढच्या ट्रेंचमध्ये चहाचा डबा पोचवायचा असतो. वाटेत डब्याला गोळी लागून भोक पडतं. तो भोकावर अंगठा दाबून तसाच चालत राहतो. चहा उकळता असतो. पोचल्यावर अंगठा काढतो आणि शिव्या देतो. मी थिएटरात उठून टाळ्या वाजवल्या. सावित्रीने सदरा ओढून बसवलं. "स्वल्प हळू. लोक बघतात."

पाण्याची बाटली बघत जा. खरा सैनिक दोन घोट पितो आणि बाटली कानाशी हलवून किती उरलं ते बघतो. सिनेमातला गटागटा पितो आणि उरलेलं डोक्यावर ओततो. त्याने पाणी ओतलं की उठून घरी जायला हरकत नाही.

तिसऱ्या एका सिनेमाची शिफारस मी तीन महिने सगळ्यांना करत होतो. देशपांड्यांना केली, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना केली, मुनियप्पाच्या वडिलांना केली. तो सिनेमा मी स्वतः बघितला नव्हता. ती शिफारस मागे घेतो. कारण सांगायला मला पासष्टच्या सप्टेंबरमध्ये जावं लागेल.

आमची पलटण पंजाबच्या सीमेवर होती. मी सिग्नल प्लाटूनचा हवालदार. काम टेलिफोनच्या केबलचं. पुढच्या कंपन्यांपर्यंत केबल टाकायची आणि ती चालू ठेवायची. शेलिंग झालं की केबल तुटते. तुटली की लाइन पार्टी निघते. लाइन पार्टी म्हणजे दोन माणसं, एक रीळ, पक्कड, टेप आणि दोन टेस्ट फोन.

माझ्या पार्टीत मुनियप्पा होता. होसकोट्याजवळच्या एका खेड्यातला. वय तेवीस. वडील ओबळप्पा गावचे नीरगंटी, म्हणजे तळ्याचं पाणी शेतांना वाटून सोडणारे. बेंगळूरकडचे आम्ही दोघेच, त्यामुळे आपसात कन्नड बोलायचो. परेडवर तो मला हवालदार साब म्हणायचा, एरवी अण्णा. कामाला चोख होता. टेप मात्र दाताने तोडायचा. पक्कड वापर म्हणून मी रोज ओरडायचो. तो म्हणायचा, "सरी अण्णा," म्हणजे बरं, आणि पुन्हा दात लावायचा.

त्या दिवशी सकाळपासून शांत होतं. दहाला चहा आला. साडेबाराला जेवण. एक पन्नासला शेलिंग सुरू झालं. दोन वाजून दहा मिनिटांनी चार्ली कंपनीची लाइन डेड झाली. त्यांचा वायरलेस सेट सकाळीच बंद पडला होता. समोर शत्रूचे टँक होते आणि आमच्या तोफांना कुठे मारायचं हे सांगायला चार्लीकडे काही उरलं नव्हतं.

ॲडज्युटंट साहेब म्हणाले, "हवालदार, किती वेळ?"

"अर्धा तास, साब."

"वीस मिनिटं."

"पंचवीस, साब."

"निघा."

आम्ही दोघं निघालो. तुटलेली जागा शोधायची रीत अशी, की केबल जमिनीवरून उचलून डाव्या हातात धरायची आणि हातातून सरकवत पळायचं. हातातून केबल कधी सोडायची नाही. जिथे संपेल तिथे ब्रेक. पहिला ब्रेक कापसाच्या शेताच्या बांधावर मिळाला. जॉइंट मारला. टेस्ट फोन लावला.

"हॅलो एक्स्चेंज, टेस्ट."

"एक्स्चेंज ओके."

"हॅलो चार्ली, टेस्ट."

काही नाही. म्हणजे पुढे आणखी एक ब्रेक होता. अशा वेळी एकाने जॉइंटवर फोन घेऊन थांबायचं आणि दुसऱ्याने पुढे जायचं. मी थांबलो. मुनियप्पा केबल हातात घेऊन कापसात शिरला. तो दिसेनासा झाला, पण तो पुढे केबल उचलत होता ते मला हातातल्या केबलवरून कळत होतं. ती थरथरायची, थांबायची, पुन्हा थरथरायची. शेल पडला की तो जमिनीला टेकायचा. उठला की हलायची. अशी चार वेळा थांबली आणि चार वेळा हलली.

दोन पस्तीसला फोनवर त्याचा आवाज आला. "हवालदार साब, चार्लीला घ्या."

"हॅलो चार्ली, टेस्ट."

"चार्ली ओके. तोफखाना द्या, लवकर."

लाइन थ्रू होती. एक्स्चेंजने तोफखाना जोडून दिला. दोन अडतीसला आमच्या तोफा सुरू झाल्या. त्याच दोन-तीन मिनिटांत त्या बाजूला आणखी शेल पडले. केबल पुन्हा हलली नाही.

चार वाजता मी त्याच्यापर्यंत पोचलो. जॉइंट उत्तम होता. टेपचा शेवटचा वेढा दाताने तोडलेला होता. ती लाइन दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालली. चार्ली कंपनीतले लोक आजही दिवाळीला मला पत्र टाकतात.

फौजेतून सुटल्यावर मी ओबळप्पांना भेटायला गेलो. सांगायला बसलो आणि मला ते सांगता येईना. तो लाइन दुरुस्त करताना गेला, एवढंच म्हणालो. त्यांनी विचारलं, "लाइन म्हणजे?" मी म्हणालो, टेलिफोनची तार. तारेसाठी मुलगा गेला, इतकंच त्यांच्या हाती लागलं.

त्यानंतर वर्षभराने एक निर्माता लढाईचा सिनेमा काढायला होसकोट्याच्या माळावर आला. त्याला सैनिकी सल्लागार पाहिजे होता. कुणीतरी माझं नाव दिलं. मी महिनाभर रोज जाऊन त्याच्या माणसांना बंदूक धरायला आणि ट्रेंचमध्ये वाकून चालायला शिकवलं. एका दुपारी मी त्याला मुनियप्पाची हकिगत सांगितली. तिऱ्हाइताला ती सांगता आली. त्याने डोळे पुसले. म्हणाला, हा सीन मी घेणारच.

मी म्हणालो, "घ्या. पण नाव बदलायचं नाही. लान्स नायक मुनियप्पा हेच नाव पडद्यावर घेतलं पाहिजे."

"नाव थोडं बदलू. लोकांना सोपं पडेल."

"एक अक्षर नाही."

"बरं, मुनियप्पा. पण गाव सांगणार नाही."

"गावही सांगायचं."

दोन दिवस ओढाताण झाली. शेवटी त्याने नाव आणि गाव दोन्ही कबूल केलं. आयुष्यातला सगळ्यात चांगला सौदा केला या खुशीत मी घरी आलो. सावित्रीने विचारलं, "आणि सीन कसा घेणार, ते लिहून घेतलं का?" मी म्हणालो, माणूस रडला गं माझ्यासमोर.

सिनेमा लागला. मी लगेच बघायला गेलो नाही, कारण ओबळप्पांना शब्द दिला होता की तो तुमच्या शेजारी बसूनच बघेन. तीन महिन्यांनी त्यांच्या गावाजवळच्या टूरिंग टॉकीजच्या तंबूत तो आला. मी संध्याकाळच्या पहिल्या खेळाला गेलो. ओबळप्पा धुतलेलं धोतर नेसून आले होते. पुढे जमिनीवर सगळा गाव बसला होता. ओबळप्पांना खुर्ची दिली, ती त्यांनी नाकारली. आम्ही दोघं जमिनीवर बसलो.

तासाभराने लाइन तुटली. पडद्यावरच्या अधिकाऱ्याने आवाज दिला, "लान्स नायक मुनियप्पा, होसकोट्याचा वाघ!" आणि गावाचं नावही घेतलं. तंबूत शिट्ट्या झाल्या. ओबळप्पांनी माझा गुडघा धरला.

मग एक गोळा फुटला. पडद्यावरच्या मुनियप्पाने रीळ टाकलं आणि तो मागे पळाला. पळताना पडला, उठला, पुन्हा पळाला. हिरो धावत आला, त्याने रीळ उचललं, छाती पुढे काढली आणि केबल जोडली. पार्श्वभूमीला व्हायोलिन.

तंबूत पुढे बसलेले दोघे-तिघे हसले. मग कुणीतरी त्यांना गप्प केलं. ते गप्प करणं हसण्यापेक्षा वाईट होतं. ओबळप्पांनी माझ्या गुडघ्यावरचा हात काढून घेतला.

मी उठून मशीनपाशी गेलो. "बंद कर."

मशीन चालवणारा म्हणाला, "तिकीट काढलंय लोकांनी. मारतील मला."

"ते नंतर मारतील. मी आत्ता मारीन."

त्याने मशीन थांबवलं आणि दिवा लावला. मी पडद्यापुढे उभा राहिलो. काय बोलायचं ठरवलं नव्हतं. पहिल्या दोन मिनिटांत मी त्या निर्मात्याच्या आईबापांचा उद्धार केला. एक म्हातारी मागून म्हणाली, "शिव्या पुरे रे बाबा, काय झालं ते सांग." मग मी सांगितलं. एक पन्नासपासून, वेळेप्रमाणे, जसं वर लिहिलं तसं. केबल हातात कशी कळते ते शब्दांत समजेना, तेव्हा तंबूच्या खांबाला गुंडाळून ठेवलेला एक सुटा दोर घेतला. एक टोक ओबळप्पांच्या हातात दिलं, दुसरं घेऊन तंबूच्या कनातीबाहेर गेलो आणि चालायला लागलो. चाललो, खाली बसलो, उठलो, चाललो.

परत आलो तेव्हा ते दोर धरून तसेच बसले होते. लोक त्यांच्याभोवती गोळा झाले होते.

"किती वेळा थांबला?" त्यांनी विचारलं.

"चार वेळा."

"आणि चारही वेळा पुढेच गेला?"

"पुढेच. मागे एकदाही नाही."

त्यांनी दोर खाली ठेवला. मशीनवाल्याकडे बघून म्हणाले, "लाव रे उरलेला सिनेमा. लोकांचे पैसे गेलेत."

उरलेला सिनेमा गावाने असा बघितला, की हिरो आला रे आला की सगळे ओरडायचे, "कळ्ळा! कळ्ळा!" म्हणजे चोर. त्याच्या मरणाच्या सीनला टाळ्या पडल्या. ओबळप्पाही हसले. इतक्या मजेत सिनेमा मी पूर्वी कधी बघितला नव्हता, हे खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी मी निर्मात्याला गाठलं. तो म्हणाला, "नाव ठेवायचं तुम्हीच म्हणालात. ठेवलं. हिरोला काहीतरी काम द्यायला हवं होतं, त्यासाठी कुणीतरी पळायला हवं होतं." त्याचं म्हणणं कागदावर बरोबर होतं. मी नाव मागितलं, मला नाव मिळालं. मी नाव बदलायची परवानगी दिली असती, तर पळाला असता तो कुणी दुसराच असता. हे मला कळतं, आणि त्याने माझा राग वाढतो, कमी होत नाही.

एका गावाला खरं कळलं. पण तो सिनेमा आज म्हैसुरात लागला आहे, उद्या धारवाडात लागेल, आणि प्रत्येक तंबूत लान्स नायक मुनियप्पा, राहणार अमुक गाव, रोज दोन खेळांना पळतो. प्रत्येक तंबूत दिवा लावायला मी पोचू शकत नाही.

म्हणून मंडळींनो, वर सांगितलेले दोन सिनेमे बघा, हा बघू नका. आणि त्या निर्मात्याला हा अंक मी स्वतः नेऊन देणार आहे. त्याने होसकोट्याजवळच्या त्या गावी यावं. ओबळप्पा नीरगंटी सकाळी सहापासून तळ्यावर असतात. त्यांच्यासमोर उभं राहून त्याने सांगावं, की लान्स नायक मुनियप्पा कधी, कुठे आणि कुणापासून पळाला. मी तिथे असेन.