पट्टी भरायच्या आत

माझ्या धाकट्या बहिणीवर अन्याय झाला. सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, विज्ञानाच्या तोंडी परीक्षेत. ती अडखळत बोलते. उत्तर येत होतं, पहिलं अक्षर सुटेना. सरांनी बोटांवर तीन मोजले आणि म्हणाले, "बस खाली. पुढची."

त्यानंतर ती घरात बोलेचना. गारखेड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत आवाज फक्त तिच्या हातातल्या गेमचा. बुधवारी मला भीती वाटायला लागली. ही कायमची गप्प झाली तर?

मी पत्रकं लिहिते. सरांविरुद्ध एक लिहायला घेतलं आणि कागद घेऊन तिच्याजवळ बसले. ती तिची आवडती लढाई खेळत होती, पाळीपाळीनं वार करायची. हल्ला, जादू, बचाव, पळ. तुम्ही निवडेपर्यंत राक्षस समोर नुसता डुलत राहतो. चहा पिऊन या, तो मारत नाही. मला हे मिळमिळीत वाटायचं. माझ्या आवडीच्या लढाईत खाली एक पट्टी भरत जाते. विचार करत बसलात आणि ती भरली, की राक्षस मारून मोकळा.

पिशोरची आत्या म्हणाली होती, "घाई लावा तिला, जीभ सुटती आपोआप." आमच्याकडं सगळेच असं मानतात. मीही मानलं. अख्खी सुट्टी तिला माझी लढाई खेळायला लावली. "दाब लवकर, मेलीस बघ." अंगठ्यांच्या घामानं बटणं ओली व्हायची. मी हसायचे.

"सरांनी नेमकं काय केलं, सांग."

तिनं मान वर केली नाही. "त-ताई, सरांची बोटं..."

"हां, मोजली."

"नाय. प-प..."

मी पुन्हा तोंड उघडलं. तिनं गेम खाली टाकला आणि दोन्ही कान दाबून घेतले. मार चुकवावा तशी. माझ्यापासून. मी उघडलेलं तोंड मिटलं आणि कागद बाजूला ठेवला.

"पट्टी भरत होती," ती म्हणाली. "तुझ्यावाली."

पत्रकात अन्याय करणारे म्हणून सरांच्या नावाच्या वर मी माझं नाव घातलं. खाली लिहिलं:

तुमच्या घरात, वर्गात, दुकानात कुणी अडखळत असेल, तर त्याचा शब्द त्याच्या तोंडातून ओढू नका. बोटं मोजू नका. हसू नका. तोंड बंद ठेवा आणि त्याचं बोलणं पूर्ण होऊ द्या. आजपासून.