सोनीबायच्या घरामागचं गवत

परवा दुपारी आटगावला लेकाच्या घरी बसले होते. समोरच्या डोंगराला वणवा लागला होता आणि जळक्या गवताचा वास घरात आला. त्या वासासरशी मला मुरबाडकडचा आमचा पाडा आठवला.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. फाल्गुन लागला की सासरे घरोघर सांगत फिरायचे, "घरामागचं गवत काढा रे. वणवा उतरला तर पाड्यात शिरता कामा नये." आम्ही विळे घेऊन आपापल्या घरामागची जमीन उघडी केली. सोनीबाय म्हातारी होती, टोकाला जरा लांब एकटीच राहायची. तिच्या घरामागचं गवत दुसरं कुणीतरी काढील, असं प्रत्येकाला वाटलं.

वणवा भरदुपारी उतरला. मजुरीवरून आम्ही धावत आलो, तोवर आग उघड्या जमिनीपाशी येऊन विझली होती. फक्त सोनीबायची झोपडी जळून खाली बसली होती. नेसत्या लुगड्यानिशी ती मोहाच्या झाडाखाली बसली होती. सासरे तिच्यासमोर मान खाली घालून उभे राहिले.

"तुमची घरं राह्यली ना?" तिने विचारलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "माजंच चुकलं गो. हात चालत नाय, पन कुनाला सांगायची लाज वाटली."

आपलं घर वाचलं म्हणून तेव्हा मला हायसं वाटलं होतं. आज ते आठवलं की मान वर होत नाही.

सासऱ्यांनी तिला आमच्याकडे आणलं. त्याच पावसाळ्यात ती आमच्या पडवीत वारली. पुढच्या फाल्गुनात सासरे कुणाला सांगायला गेले नाहीत. विळा घेऊन ते एकटेच तिच्या रिकाम्या जागेवर गवत कापत राहिले.