फॉर्ममधला 'इतर नावं' हा रकाना

मिलिंद वाट बघत मेला.

मुद्दाम 'मेला' लिहितोय. 'गेला' म्हटलं की माणूस नीट निरोप घेऊन कुठेतरी पोचला असं वाटतं. हा कुठेही पोचला नाही.

आज वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मिलिंद माझा पुण्यातला कॉलेजचा मित्र. इथे ऑकलंडमध्ये हिल्सबरोला आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायचा. आयटीतला हुशार माणूस. चहा मात्र भयानक करायचा.

काही वर्षांपूर्वी त्याला वेलिंग्टनला सरकारी नोकरीची ऑफर आली. सिक्युरिटी क्लिअरन्स लागणारी. म्हणजे गुप्तचर खात्याची माणसं तुमची सगळी कुंडली तपासतात आणि मग हो किंवा नाही होतं.

त्याचं नाही झालं. कारण सांगितलं नाही. सांगत नाहीत म्हणे.

मिलिंदने ते पचवलं. सोमवारी डबा घेऊन जुन्या ऑफिसला गेला.

पचलं नाही ते अनघावहिनीला.

वहिनीचं माहेरचं नाव वैजयंती. लग्नात मिलिंदने ताटातल्या तांदळात अंगठीने 'अनघा' लिहिलं आणि ती अनघा झाली. क्लिअरन्सच्या फॉर्ममध्ये 'जोडीदाराची इतर नावं' असा रकाना होता. याने तिथे 'नाही' लिहिलं.

लपवायचं म्हणून नव्हे.

"इतर कसलं?" मला म्हणाला होता. "बदललं म्हणजे बदललं. आता एकच आहे ना?"

आपल्यापैकी कितीजणांनी हेच लिहिलं असतं, खरं सांगा.

वहिनीच्या डिग्रीवर मात्र अजून वैजयंतीच आहे. तिने मनाशी धरलं की आपल्या नावानेच नवऱ्याची नोकरी घालवली. लेक वैतागून म्हणायची, "मम, नोबडी केअर्स." मिलिंद समजूत काढायचा. पण काढणार कशाच्या जोरावर? खरं कारण त्याला तरी कुठे माहीत होतं?

त्याला नोकरी परत नको होती. बायकोच्या मनातलं ते खूळ काढायचं होतं, बस.

या खात्यांवर नजर ठेवणारं एक वेगळं कार्यालय असतं. तिथे त्याने तक्रार केली. उत्तर अगदी सभ्य आलं. आम्ही तपासलं, प्रक्रिया योग्य होती, याहून जास्त सांगता येणार नाही.

मग संसदेने त्या कायद्यावर लोकांची मतं मागवली. याने सबमिशन लिहिलं. मागणी एकच. कारण सांगू नका, पण कारण अर्जदार स्वतः आहे की त्याच्या घरातलं कोणी, एवढं तरी सांगा.

त्यावर त्याने माझी सही मागितली होती.

माझं सिटिझनशिपचं चालू होतं. मी म्हणालो, "मला नको रे यात ओढूस."

"बरं," म्हणाला. पुन्हा कधी विषय काढला नाही. माझ्या त्या नकाराची मला लाज वाटते.

मतं ऐकणाऱ्या संसदेच्या समितीसमोर त्याला पाच मिनिटं मिळाली. शेवटी अध्यक्षांनी हसून सांगितलं, "थँक यू, दॅट वॉज रिअली हेल्पफुल."

मी फोनवर विचारलं, "मग? होईल काही?"

"अरे, रिअली हेल्पफुल म्हणजे आपल्या पुण्यातलं 'बघू'."

तसंच झालं. अहवाल आला, त्यात याची मागणी कुठेच नव्हती.

तरी गडी थांबला नाही. गुप्तचर खात्यांना जाब विचारायला खासदारांची एक समिती असते. वर्षातून एकदा तिची थोडा वेळ खुली बैठक होते, बाकीचं सगळं बंद दाराआड. मिलिंद रजा टाकून, पदरच्या पैशाने विमानाने ऑकलंडहून वेलिंग्टनला जायचा आणि मागच्या खुर्चीत बसायचा. प्रेक्षकांनी बोलायचं नसतं. नुसता ऐकून यायचा.

एका वर्षी एका खासदार बाईंनी खरंच विचारलं. ज्यांना नकार देता त्यांना तुम्ही काय सांगता?

गुप्तचर खात्याचे साहेब म्हणाले, याचं उत्तर बंद बैठकीत दिलेलं बरं. थोड्या वेळाने खुली बैठक संपली आणि लोकांना बाहेर जायला सांगितलं.

मिलिंदने तिथल्या पायऱ्यांवरून मला फोन केला.

"विचारलं रे कोणीतरी. पण उत्तर द्यायच्या आधी मलाच बाहेर काढलं."

हसत होता. मीही हसलो. आता त्या हसण्याची चीड येते.

देशाची गुपितं असतात, मान्य. पण तांदळात लिहिलेलं नाव हे कुठल्या देशाचं गुपित? आणि ते खासदार आत आपल्या वतीने विचारतात म्हणे. विचारतही असतील. आपल्याला कळणार कसं?

गेल्या वर्षी एका शनिवारी मिलिंद लॉन कापता कापता खाली बसला. हार्ट अटॅक. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत संपलं होतं.

यंदाच्या बैठकीची तारीख लागली तेव्हा वहिनी म्हणाली, "या वेळी मी जाते."

मी सोबत गेलो. या वेळी तरी.

रिसेप्शनवरच्या मुलीने माओरीतलं 'किआ ओरा' म्हणत, म्हणजे नमस्कार करत, रजिस्टर पुढे केलं. वहिनीने नावाच्या रकान्यात 'अनघा' लिहिलं. थांबली. मग त्याच्यापुढे 'वैजयंती' लिहिलं. ते मावलं नाही, शेजारच्या वेळेच्या रकान्यात गेलं.

"स्वीट अ‍ॅज," मुलगी म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत 'चालेल की'. "बॅजवर कुठलं घालू?"

"बोथ," वहिनी म्हणाली.

तासभर बसलो. यंदा तो प्रश्न कोणीच विचारला नाही.

परतीच्या विमानातही तिने बॅज काढला नव्हता. खिडकीबाहेर बघत एकदाच म्हणाली, "भावजी, माझ्यामुळेच झालं असेल का हो?"

याचं उत्तर ज्यांच्याकडे आहे ते सांगणार नाहीत.

मिल्या, तो रकाना वहिनीने भरलाय. तुझं सबमिशन मी पुन्हा टाइप केलंय, जसंच्या तसं. खाली सही केली आहे. माझी.

तुला श्रद्धांजली, मित्रा. रागासकट.