आढं दाखव म्हटलं, तर त्याने तुळई दाखवली

मंडळी, दुपारपासून डोक्यात एकच भुंगा आहे.

बेटेगावला एक कौलारू घर विकायला आहे म्हणून बाबांना घेऊन बघायला गेले. बाबा सुतार, मनोरचं आमचं घर त्यांनी स्वतःच उभं केलंय. विकणारा पंचविशीतला मुलगा. "माझ्या आजोबांनी बांधलंय, अस्सल सागाचं आढं आहे," असं सारखं ऐकवत होता. मला तिथेच खटकलं.

बाबा म्हणाले, "दाखव बरं आढं."

त्याने या भिंतीवरून त्या भिंतीवर गेलेल्या तुळईकडे बोट केलं. आढं तर पार वर, जिथे दोन्हीकडचे वासे येऊन टेकतात!

बाबांनी मला बाहेर ओढलं. "हे घर या पोराचं नाय. आढं चढवताना पूजा करून नारळ बांधतो आमी. आज्याचं आढं नातवाला ठावं नसंल?"

शेजारी चौकशी करू म्हटलं, तर तो मुलगा घाईने म्हणाला, "त्यांचं-आमचं बोलणं नाही." झालं, माझी खात्रीच पटली.

बाबांना सोडायला मनोरला आलो. माझी नववीतली लेक तिथेच होती. बाबांनी कौतुकाने तिला विचारलं, "आपलं आढं कुठलं गं?"

तिने झटकन बोट केलं. तिचा झोपाळा टांगलाय त्या तुळईकडे.

बाबा चपला घालून अंगणात गेले.

तो मुलगा मला अजूनही सरळ वाटत नाही. पण तो भामटा आहे, की नुसताच कुणाचा तरी नातू? आधी आपापल्या पोरांना आढं विचारा, मग मला सांगा.