मिसळणाच्या डब्यातली नवी मिरची

आमच्या घरात स्वयंपाक बिघडवायचं काम माझं आणि स्वयंपाकघर आवरायचं काम नवऱ्याचं. त्याला आवरायची भारी हौस. सुट्टीच्या दिवशी कुणी न सांगता डबे पुसतो, रिकामे झालेले भरतो, आणि मग आठवडाभर मी धणेपूड शोधत बसते. एका जानेवारीत त्याने असंच मिसळणाच्या डब्यातलं संपत आलेलं तिखट भरून ठेवलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

सासूबाई तेव्हा नागपूरहून आमच्याकडे गुरुग्रामला आल्या होत्या. सासरे गेल्यानंतरचा तो पहिला हिवाळा. तिकडे घरात त्या एकट्या, गुडघे दुखरे, आणि पावसाळ्यात न्हाणीत पडल्याचं त्यांनी आम्हाला पार दिवाळीला सांगितलं. त्यांनी आता इथंच राहावं असं आम्हा दोघांनाही वाटत होतं. माझा त्यात स्वार्थही होता. मानेसरच्या ऑफिसातून कंपनीच्या बसने दमून यावं, आतून कुणीतरी दार उघडावं आणि "आलीस का?" म्हणावं, याची मला फार लवकर चटक लागली. पण त्यांचं परतीचं तिकीट महिनाअखेरचं होतं, आणि विषय काढला की उत्तर ठरलेलं.

"इथं मला काम काय आहे? भांड्याला बाई, भाजी मोबाइलवर. पाहुणीसारखं किती दिवस बसून खायचं?"

थंडीत आमच्या सोसायटीत एक रविवार उन्हात जेवायचा असतो. धुकं जरा हटलं की लोक लॉनवर सतरंज्या टाकतात आणि प्रत्येक घराने एकेक पदार्थ आणायचा. आमच्याकडे दहीवडे होते. सासूबाई आदल्या दिवशी सहज म्हणाल्या, "चिंचगुळाची चटणी मी करते. तू वडे पाहा." आल्यापासून आमटी-भाजीला त्या हातभार लावत, पण एखादा पदार्थ असा मागून घेतला नव्हता. मला इतकं बरं वाटलं की मी घाईघाईने हो म्हटलं, त्यांचा विचार बदलायच्या आत.

इथले लोक दहीभल्ल्यावर जी सोंठ घालतात ती आमचूर-गुळाची, गोडमिट्ट. आमची चटणी आधी गोड लागते, मग चिंच जिभेला चिमटा काढते आणि सगळ्यात शेवटी तिखट येऊन कान गरम करतं. रविवारी सकाळी सासूबाईंनी चिंच गरम पाण्यात भिजवली, कोळून गाळून घेतली, गूळ घातला, जिरेपूड, काळं मीठ, थोडी सुंठ. मी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला वडे तळत होते. मग त्यांनी मिसळणाचा डबा उघडला आणि चमच्यामागून चमचा तिखट चटणीत लोटलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण हल्ली त्या तसंच टाकायच्या.

आमच्या घरात लेकीमुळे देगी मिरची वापरतात. तिला रंग झकास आणि तिखटपणा नावाला. आल्या आल्या सासूबाईंनी नाक मुरडलं होतं, "ही मिरची आहे की रंग?" पण कुरकुर करत करत त्यांनी तिखटाचा हात वाढवला, आणि दोन महिन्यांत त्यांच्या भाजीला पुन्हा भाजीची चव आली.

त्या दिवशी मात्र चटणीला उकळी फुटली आणि घरभर ठसका उठला. मी खोकले, त्या खोकल्या, आतून लेक नाक दाबत आली. "आजी, यार, काय जाळलंस?" मी चमच्याच्या टोकावर थोडी चटणी घेऊन चाटली आणि सरळ नळाखाली तोंड धरलं.

सासूबाईंनीही चाखली. त्यांना तिखट लागणं म्हणजे काय, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसल्या.

"हात गेला माझा," त्या म्हणाल्या. "चव कळत नाही, अंदाज राहिला नाही. आधीचं तिकीट मिळते का पाहा. तुमच्या घरात कशाला एक अडगळ."

एवढ्यात नवरा आला, डब्याकडे पाहून म्हणाला, "अच्छा, नवीन तिखट वापरलं वाटतं? मीच भरलं काल. आईनं नागपूरहून आणलेलं भिवापुरी मिरचीचं पाकीट फ्रीजमध्ये नुसतंच पडून होतं." हे त्याने शाबासकी मिळणार अशा चेहऱ्याने सांगितलं. त्याला डब्यासकट बाल्कनीत कोंडावं असं मला वाटलं. ते बाजूला ठेवून मी सासूबाईंसमोर जाऊन बसले.

"आई, हात कुठं गेलाय? मिरची तुमच्या नागपूरची आणि हात इथला, म्हणून झालं हे. तिकडचा हात असता तर एक चमचा टाकून थांबला असता. तुमच्या हाताला आता आमचं घर पाठ झालंय."

त्या हसल्या वगैरे नाहीत. गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि म्हणाल्या, "चिंच आहे का अजून? आणि मोठा गंज काढ तो वरचा."

मग सुरू झाली दुरुस्ती. गूळ घातला तर चटणी गोड झाली, चिंच वाढवली तर आंबट, मग मीठ कमी पडलं, आणि तिखट आपलं जागचं हलेना. पातेल्यातली चटणी आमच्या सगळ्यात मोठ्या गंजात गेली आणि तिथंही काठाशी आली. गूळ संपला तेव्हा नवऱ्याला खाली पिटाळलं. तो निमूटपणे दोनदा जाऊन आला, हे मात्र कबूल करायला हवं. लेकीला चव पाहायला उभं केलं होतं. डोळ्यांत पाणी आणून ती म्हणत होती, "थोडं और, आजी, थोडं और," आणि शेवटी तिने स्वतःच वाटी भरून घेतली तेव्हा सासूबाईंनी गॅस बंद केला.

लॉनवर आमचे दहीवडे लवकर संपले, पण चटणी संपेना. लोकांनी ती मठरीवर घेतली, भज्यांवर घेतली, मुलांनी मोमोवर ओतली. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई सासूबाईंच्या शेजारीच येऊन बसल्या. "आंटीजी, ये आपने बनाई? मुझे भी सिखाओ." सासूबाईंनी त्यांच्या तुटक्या हिंदीत शिकवायला सुरुवात केली, आणि नव्या मिरचीचा विषय शिताफीने गाळला. मी लांबून ऐकत होते. त्या दिवसाचं ऊन मला फार आवडलं.

संध्याकाळी मी गंज घासत होते. नवरा पुसलेली भांडी लावत होता. सासूबाई चिंचेचं रिकामं पाकीट उलटसुलट करून पाहत होत्या.

"ही चिंच जुनी आहे, काळी पडलेली," त्या म्हणाल्या. "नवी चिंच होळीच्या सुमारास येते. तेव्हा पाच किलो आणा. मी चिंचोके काढून, मीठ लावून बरणीत भरते. वर्षाची चिंच एकदाच भरायची असते. अशी पाकीट-पाकीट काय आणून राहिले तुम्ही?"

"पण आई, तुझं तिकीट तर..." नवऱ्याने तोंड उघडलं आणि मी त्याच्या पायावर पाय दिला.

"पाच कशाला, दहा आणू," मी म्हटलं.

"दहा काय करतेस?" त्या करवादल्या. "चार माणसांच्या घराला पाच पुष्कळ झाली."

आम्ही घरात तिघंच. मी मान खाली घालून तो चकचकीत झालेला गंज पुन्हा घासायला घेतला.